इफिजेनियाचा धवला

हिरामावशी,

पुस्तकाची प्रुफं टेबलावर पडून आहेत आणि प्रकाशकाचा कालपासून तिसरा फोन येऊन गेला. बाकी सगळी प्रकरणं तपासून झाली, इफिजेनियाचं तेवढं राहिलंय. त्यातलं सव्वा पान तुझ्या धवल्याचं होतं. तो ठेवायचा की काढायचा हे तुला विचारायला हवं होतं, आणि तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. तू होतीस तेव्हा मी विचारलं नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी पनवेलमध्ये तीस वर्षं मराठी शिकवली आणि धवलारीण म्हणजे कोण हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही विचुंब्याला एका विद्यार्थिनीच्या लग्नात. मांडवात डीजेचे कर्णे लागलेले होते, दारात नवी गाडी फुलं लावून उभी होती, आणि या सगळ्याच्या मधोमध एक काळीसावळी बाई नवरीला हळद लावता लावता शांतपणे गात बसली होती. ती गात असेपर्यंत डीजेवाल्याची बटणाला हात लावायची छाती झाली नाही. भटजी खुर्चीत बसून आपली पाळी यायची वाट बघत होते. आगऱ्यांच्या लग्नात आधी धवलारणीने देवांना बोलवायचं गाणं, म्हणजे धवला, मग मंत्र, असं माझ्या विद्यार्थिनीच्या आईने मला सांगितलं. ती गाणारी बाई तू. मी दुसऱ्या दिवशी तुझा पत्ता काढून करंजाड्याला आले, फोनमधलं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाले, जरा चार धवले म्हणून दाखवता का? तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी तुझ्या देव्हाऱ्यात चपला घालून शिरले होते.

"मांडवाभायेर धवला नाय बोलत आमी," तू म्हणालीस. "देवांना बोलवायचा आन म्होरं नवरी नाय? त्यांनी यावा कोनासाठी?"

मग चहा दिलास. आणि मी काय लिहिते ते विचारलंस. मी सांगितलं, ग्रीस नावाचा एक देश आहे, तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या देवांच्या आणि राजांच्या गोष्टी मी आजच्या माणसांना कळतील अशा मराठीत लिहितेय. तू म्हणालीस, "मंग सांग की एक." मी पर्सेफोनीची सांगितली. पाताळाचा राजा तिला पळवून नेतो, आई रानोमाळ शोधत फिरते, शेवटी सहा महिने सासर आणि सहा महिने माहेर असा तोडगा निघतो. माझ्या मते ती जगातल्या सर्वांत दुःखी गोष्टींपैकी एक. तू ऐकलीस आणि म्हणालीस, "सहा म्हयने? बरा हाय की. आमच्या पोरींना दिवाळीला चार दिस सोडत नाय." मी हसले. त्या वेळी मला ती फक्त एक फक्कड कोटी वाटली.

तेव्हापासून बुधवार तुझा झाला. साखरेच्या डॉक्टरकडे तुला नवीन पनवेलला यावंच लागायचं, तिथून तू माझ्याकडे यायचीस. स्वयंपाकघरात खाली बसायचीस, रिकामं बसवत नाही म्हणून माझ्याकडून काहीतरी निवडायला मागायचीस. तांदूळ, वाल, मेथी, जे असेल ते. मी स्टुलावर बसून नवीन लिहिलेलं वाचायची. तुझे हात चालू असले की गोष्ट बरी चाललीय. हात थांबला की मी समासात पेन्सिलीने फुली मारायची, कारण तिथे काहीतरी खोटं होतं. तीन वर्षं मी अशीच लिहीत आले. पुस्तकात माझी भाषा सोपी आहे असं लोक म्हणतील, पण तो सोपेपणा तुझ्या हातांचा आहे. मी आभाराच्या पानावर असं काहीतरी लिहिलंही होतं. ते वाचून दाखवायचं राहिलं.

आणि भांडलो किती! त्या मोठ्या देवाच्या, झ्यूसच्या भानगडी ऐकून तू पार वैतागलीस. "घरात त्याला कोन बोलत नाय का?" म्हटलं, बायको बोलते, पण राग काढते त्या पोरींवर. "मंग तशीच हाय ती पन," असं म्हणून तू मेथीची जुडी आपटलीस. मेणाचे पंख लावून उडालेल्या इकारसची गोष्ट वाचत होते तेव्हा खिडकीबाहेरून विमान गेलं. तुमचं भाताचं शेत नव्या विमानतळाच्या धावपट्टीखाली गेलेलं. तू मान वर केलीस, विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलीस आणि म्हणालीस, "हा नाय पडत." मी ते वाक्य वहीत टिपून ठेवलं. तुझी किती वाक्यं मी अशी टिपून ठेवलीत. तू बोलायचीस आणि मी वेचायची, आणि आपण दोघी मिळून काम करतोय असं मला वाटायचं.

मग इफिजेनिया आली.

मी वाचलं. राजाची जहाजं बंदरात अडकलीत, वारा पडलाय, सैन्य कुरकुरतंय. ज्योतिषी सांगतो, देवीचा कोप झालाय, राजाने स्वतःची मुलगी दिली तरच वारा सुटेल. राजा घरी निरोप धाडतो, की पोरीचं लग्न ठरवलंय, थोर योद्ध्याशी, नवरी सजवून घेऊन या. आई हरखते. आपल्या हाताने तिला नवरीचा साज चढवते आणि बंदरावर घेऊन येते. तिथे मांडव नसतो, वेदी असते.

तुझ्या हातातलं सूप खाली ठेवलं गेलं. नुसता हात थांबला असं नाही, तू सूप बाजूला सारलंस.

"धवला कोनी बोलला?"

मी म्हटलं, "मावशी, लग्न झालंच नाही."

"पोरगी नवरी होऊन आली ना? मंग? तिच्या मनात लगीनच ना?"

"हो, पण..."

"तिला हलद लागली का नाय?"

मी म्हटलं, ते काही लिहिलेलं नाही, आपल्याला माहीत नाही. तू चिडलीस. "लिवतेस तू आन तुना ठाव नाय?"

मग तू उठलीस, मोरीत हात धुतलेस, पदर डोक्यावरून घेतलास. निवडलेल्या तांदळातले चार दाणे फरशीवर ठेवलेस, पूर्वेकडे तोंड करून बसलीस आणि गायला लागलीस. जो धवला मी तीन वर्षं मागत होते आणि तू देत नव्हतीस, तो माझ्या पाच बाय आठच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या बाजूला. माझा हात कसा आणि केव्हा फोनकडे गेला ते खरंच आठवत नाही. ओट्यावरच्या पोळपाटाला टेकवून मी तो उभा केला आणि बटण दाबलं. तुझे डोळे मिटलेले होते.

धवल्यात नवरीचं नाव घालावं लागतं. हे तूच मला शिकवलेलंस. नाव घातल्याशिवाय धवला कोणालाच लागत नाही. तू इफिजेनिया म्हणाली नाहीस. एक साधं, आपल्याकडचं, तीन अक्षरी नाव घेतलंस, आणि प्रत्येक कडव्याला तेच घेत गेलीस. मी मनात म्हटलं, बिचारीच्या जिभेवर ग्रीक नाव बसत नाही, म्हणून सोपंसं घातलं. मला कौतुकही वाटलं. भाषांतर असंच व्हायला हवं, असंही वाटलं असेल. शहाणपणाचा एवढा भार डोक्यावर असल्यावर समोरचं दिसत नाही माणसाला.

गाऊन झाल्यावर तू पदराने तोंड पुसलंस. मी रेकॉर्ड केलंय हे सांगितलं नाही. तू विचारलंस, "मंग मारली तिला?"

मी सांगितलं, की जुने लोक ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत सुरी फिरते आणि पोर मरते. दुसरीत ऐनवेळी देवी वेदीवर हरिणी ठेवते आणि मुलीला लांबच्या मुलखात जिवंत घेऊन जाते. "मी सुरीवर संपवणार आहे," मी म्हटलं. "आजच्या वाचकाला असले चमत्कार पटत नाहीत."

"वाचक मेला खड्ड्यात. हरनी ठेव."

"मावशी, ती पळवाट आहे. बापाला सोयीची. हरिणी होती म्हटलं की त्याने काही केलंच नाही."

"बापाचा कोन इचारतंय? आयेला कोनी सांगितला का, पोरगी जित्ती हाय म्हनून?"

"सांगितलं कोणीतरी. तिला ते पटलं नाही."

"नाय पटला तरी सांगाया पायजे होता," तू म्हणालीस, आणि डॉक्टरची फाईल घेऊन निघालीस. मला वाटलं तू हळवी झालीस. म्हातारं माणूस आहे, गोष्टीतसुद्धा पोर मेलेली सोसत नाही. मी सुरीच ठेवली.

आणि मग तो वाचनालयातला कार्यक्रम. पुस्तक येण्याआधी एक प्रकरण वाचून दाखवा म्हणाले. मी इफिजेनिया निवडलं. येणाऱ्यांना वाटायला त्यातली तीन पानं छापूनही घेतली. तुला मुद्दाम बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. तू हिरवं लुगडं नेसून आली होतीस, गजरा माळलेला. मी प्रास्ताविकात धवल्याची माहिती दिली. नवरीचं नाव घातल्याशिवाय धवला पुरा होत नाही, हे मी, मावशी, व्यासपीठावरून लोकांना समजावून सांगितलं. आणि मग तुझ्या ओळी वाचल्या. तू घेतलेल्या प्रत्येक नावाच्या जागी मी इफिजेनिया घातलं होतं. वृत्तात बसावं म्हणून एक-दोन शब्द छाटलेही होते. तिसऱ्या कडव्याला तू उठलीस आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेलीस.

मला वाटलं, शेवटची रिक्षा चुकेल म्हणून गेलीस. दुपारचे साडेचार वाजले होते. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

पुढच्या बुधवारी तू आली नाहीस. त्याच्या पुढच्याही. फोन तुझी सून रंजना उचलायची, "बरा नाय त्यांना" म्हणायची. मग मलाही राग आला. खोटं कशाला बोलू? वाटलं, व्यासपीठावरून मी "एका धवलारणीने" म्हटलं, तुझं नाव घेतलं नाही, म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्यात. एवढा मान हवा असेल तर तोंडाने सांगायचं. नवीन पनवेलहून करंजाडं ते कितीसं लांब. चार महिने मी रिक्षा केली नाही. पुस्तक आलं की पहिली प्रत घेऊन जाईन आणि मग बघू कशी रुसते ती, असं ठरवलं होतं मी. चार महिने मी तुझ्यासारख्या बाईला रुसलेली समजत बसले.

दहाव्याला गाढी नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. तुझा मुलगा काशिनाथ हात जोडून उभा होता. नातवंडांना सांभाळू म्हणाला, घर बघू म्हणाला, कावळा हलेना. बाया कुजबुजत होत्या. रंजना माझ्या शेजारी उभी होती, ती हळूच म्हणाली, "तायचा नाव काडला पायजे. पन ह्ये काडनार नाय."

"कोण ताय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमाला ठाव नाय? तुमी तर धवला छापलाव."

आणि तिने ते नाव सांगितलं. तीन अक्षरी.

तुला मुलगी होती हे मला तीन वर्षांत ठाऊक नव्हतं. घरात तिचा फोटो नाही, तोंडात नाव नाही. तिने रोडपालीच्या एका मुलाशी कोर्टात लग्न केलं, मुलगा जातीतला नव्हता. त्या दिवशी सकाळी तू लुगडं नेसून, तांदळाची पुरचुंडी कमरेला लावून बसली होतीस. कोर्टाच्या दारात तर कोर्टाच्या दारात, धवला बोलून येते म्हणालीस. काशिनाथने बाहेरून कडी घातली. पंचक्रोशीतल्या किती पोरींना तू वाटेला लावलंस, आणि तुझी पोर धवल्यावाचून गेली. दीड वर्षात बाळंतपणात ती वारली आणि मूलही राहिलं नाही. तेव्हाही तुम्हाला उशिराच कळलं. आयेला कोनी सांगितला का, असं तू मला विचारलं होतंस, आणि मी तुला कथेच्या शेवटाबद्दल बोलत होते.

रंजनाने आणखी एक गोष्ट सांगितली. कार्यक्रमात वाटलेली ती छापील पानं तू घरी घेऊन गेली होतीस. रोज दुपारी तिच्याकडून वाचून घ्यायचीस. "इफि का काय ता नाव आला की मना थांबवायच्या," रंजना म्हणाली. "आन सोता तायचा नाव बोलायच्या. मंग म्होरं वाच बोलायच्या."

म्हणजे तुला राग होता की नव्हता, मावशी? मी तुझं गाणं चव्हाट्यावर नेलं म्हणून तू उठलीस, की मी त्यातून तुझी लेक काढून टाकली म्हणून? मी नाव तसंच ठेवलं असतं तर तू बसून राहिली असतीस का? की भर सभेत तिचं नाव ऐकून तिथेच कोसळली असतीस? मी दिवसभर हेच करत बसते, एकदा या बाजूने, एकदा त्या. उत्तर फक्त तुझ्याकडे होतं, आणि माझ्याकडे चार महिने होते.

त्या दिवशी काशिनाथने नाव काढलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला.

प्रकरणातून मी धवला काढलाय. प्रकाशक म्हणाला, "मॅडम, तोच तर आत्मा आहे पुस्तकाचा." म्हटलं, म्हणूनच. तुझ्या मुलीचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही, तेवढं शहाणपण उशिरा का होईना आलं. आणि हरिणी परत आणलीय. मला अजूनही ती पळवाट वाटते, हे तुला सांगून ठेवते, आपलं भांडण मिटलेलं नाही. पण आता माझ्या गोष्टीत एक म्हातारी बंदरावरून चालत राजवाड्यापर्यंत जाते आणि आईला सांगते, की तुझी पोर जिवंत आहे. आईला ते पटत नाही. तरीही म्हातारी सांगते. पुस्तक सुधारलं, तूच सुधारलंस, आणि याबद्दल तुझे आभार कुठल्या पानावर मानू ते मला कळत नाही.

रेकॉर्डिंग मात्र माझं नव्हतंच. काल ते घेऊन करंजाड्याला गेले. काशिनाथ ओटीवर बसला होता, डोकं भादरलेलं, दाढी तशीच. मी म्हटलं, आईचा आवाज आहे, तुमच्याकडे राहू दे. तो म्हणाला, लावा. मी लावलं. रंजना दारात येऊन उभी राहिली. पहिल्या कडव्याला त्याच्या बहिणीचं नाव आलं. त्याने डोळे मिटले. दुसऱ्याला आलं, तेव्हा त्याचा हात हळूच फोनकडे आला. मला वाटलं, बंद करतोय. त्याने आवाज वाढवला. तिसरं कडवं झालं, चौथ्याला तू श्वास घेतलास आणि पुढे काही नाही.

त्याने फोन हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "अर्धाच हाय," तो म्हणाला. "आई धवला अर्धा ठेवत नसंल. म्होरला कुठं हाय? तिला निरोप देतात तो?"

तू पुरा म्हटला होतास, मावशी. भात होऊन कुकर गार होईपर्यंत तू गात होतीस, निरोपापर्यंत गेली होतीस, तिला वाटेला लावून मगच उठली होतीस. मी तिथेच होते. ते शब्द मला आठवत नाहीत, कारण मी तेव्हा ऐकत नव्हते, वहीत मुद्दे लिहीत होते.

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. मी त्याला खरं ते सांगितलं. प्रकरणाला तीन कडवी पुरत होती, म्हणून तिथे मी बंद केलं.